बदली आणि तोतया

युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामचा एक लहान तुकडा बाकीच्यांपासून वेगळा काढून घेतलेली त्याची परीक्षा. अडचण अशी, की कामाचा कोणताही तुकडा एकटा नसतो. पार्सलचा पाठवणी-खर्च काढणाऱ्या कोडला मागणी लागते, मागणीला ग्राहक लागतो, ग्राहकाला पत्ता, आणि पत्ता डेटाबेसातून यावा लागतो. ज्याच्यावाचून तुकड्याचे अडते त्याला प्रोग्रामर डिपेंडन्सी म्हणतात. या डिपेंडन्सी मडक्यांच्या उतरंडीसारख्या एकीवर एक रचलेल्या असतात. वरचे मडके तेवढे हवे म्हटले तरी खालची सगळी सांभाळावी लागतात. म्हणून परीक्षेपुरती खऱ्या वस्तूच्या जागी एक बनावट वस्तू उभी करतात. विचारले की ठरवून दिलेले उत्तर द्यायचे आणि काय विचारले गेले ते लक्षात ठेवायचे, एवढेच तिचे काम. तिला मॉक म्हणतात. खऱ्या ग्राहकाऐवजी मॉक ग्राहक घेतला, तर पत्ता मागितल्यावर त्याने काही तरी द्यायला हवे. म्हणून त्याच्या हाती मॉक पत्ता द्यावा लागतो, आणि मॉक पत्त्याच्या हाती पिनकोड. मॉकच्या पोटात मॉक तयार होतो तो असा.

अशी टेस्ट पास झाली म्हणजे नेमके काय कळले? प्रोग्रामरांमध्ये या प्रश्नावर बराच वाद आहे, पण तो बहुधा सोयीचा, वेगाचा आणि शैलीचा वाद म्हणून चालतो. मुळात हा प्रमाणशास्त्राचा प्रश्न आहे: खऱ्याच्या जागी उभ्या केलेल्याने दिलेली साक्ष खऱ्याविषयी किती धरावी? भारतीय परंपरेत दोन शास्त्रांनी, अगदी वेगळ्या कारणांनी, याच्या जवळचा विचार बारकाईने केला आहे. न्यायशास्त्राने तो ज्ञानाच्या अंगाने केला, पूर्वमीमांसेने कर्माच्या अंगाने. दोन्ही विचार इथे उपमा म्हणून घेतलेले नाहीत. मॉकच्या बाबतीत काय चालेल आणि काय चालणार नाही हे ठरवण्याचे निकष त्यांतून खरोखर मिळतात.

आधी शब्दांची थोडी सोय. मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगार आला नाही, तर त्याच्या साच्यावर त्या दिवसापुरता उभा राहणारा तो 'बदली'. बदली हा बदली आहे हे जॉबरपासून, म्हणजे खात्याच्या मुकादमापासून, शेजारच्या साच्यावरच्या माणसापर्यंत सर्वांना ठाऊक असे. त्यात लपवाछपवी नव्हती. तोतया वेगळा. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणाऱ्या तोतयाने १७७६ साली कोकणात बंड माजवले, त्याला साथ मिळाली, कारण भाऊ जिवंत असावेत अशी पुष्कळांची मनापासून इच्छा होती. मॉक ही जन्माने बदली असते. ती तोतया केव्हा होते, हा या विवेचनाचा विषय आहे.

मॉकचा इतिहास फार जुना नाही. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग यांनी २००० साली मांडलेल्या निबंधातून 'मॉक ऑब्जेक्ट' ही संज्ञा रूढ झाली. तिघेही लंडनच्या वर्तुळातले, म्हणून मॉकचा सढळ वापर करणाऱ्या पंथाला पुढे लंडन संप्रदाय हे नाव पडले. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली मॉक आणि स्टब यांतला भेद मांडला, आणि जेरार्ड मेसारोस यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात या सर्व बदलींना 'टेस्ट डबल' हे सामान्य नाव देऊन डमी, स्टब, स्पाय, मॉक, फेक असे पाच प्रकार लावले. रोजच्या बोलण्यात या सगळ्यांना सरसकट मॉकच म्हटले जाते. इथेही बहुतेक ठिकाणी तसेच म्हटले आहे.

बदलीची गरज का पडते याचे तात्त्विक कारण फ्रेंच भौतिकीविद पिएर दुएम यांनी १९०६ मध्येच सांगून ठेवले आहे. प्रयोगशाळेत कोणतेही एक गृहीतक कधी एकटे तपासले जात नाही. त्याच्यासोबत उपकरणांविषयीची, मापनाविषयीची, इतर नियमांविषयीची अनेक गृहीतके परीक्षेला बसतात. निकाल उलटा आला तर त्या जमावात कोणी तरी चुकले एवढेच समजते. कोण, ते समजत नाही. तत्त्वज्ञ क्वाइन यांनी १९५१ मध्ये हाच विचार ज्ञानाच्या सगळ्या पसाऱ्याला लावला. खऱ्या डेटाबेसासह, खऱ्या नेटवर्कसह चालवलेली टेस्ट फेल झाली की प्रोग्रामरची हीच गत होते. दोष पाठवणी-खर्चाच्या सूत्रात आहे, पत्त्याच्या नोंदीत आहे, की मध्येच कनेक्शन तुटले? मॉक या जमावातल्या इतर सर्वांना बाहेर काढतो. निकाल उलटा आला तर दोषी एकच उरतो. हा फायदा खरा आहे आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही. मात्र जमावातली गृहीतके बाहेर गेलेली नसतात. ती मॉकच्या आत जाऊन बसलेली असतात, आणि तिथे ती बोलत नाहीत. डेटाबेस पिनकोड कसा देतो याविषयी प्रोग्रामरची जी समजूत, तीच मॉकमध्ये लिहिलेली असते. म्हणजे टेस्टमध्ये कोडची गाठ डेटाबेसाशी पडतच नाही. ती पडते प्रोग्रामरच्या डेटाबेसाविषयीच्या समजुतीशी.

असे काही धरून चालून केलेल्या परीक्षेला न्यायशास्त्रात नेमके नाव आहे. डोंगरावर धूर दिसतो आणि त्यावरून विस्तवाचे अनुमान होते. कोणी शंका काढली की धूर असेल पण विस्तव नसेल, तर नैयायिक म्हणतो, विस्तव नसता तर धूरही नसता. विस्तव नाही असे क्षणभर धरून चालणे, आणि तसे धरल्यावर काय मानावे लागेल ते पाहणे, याला तर्क म्हणतात. न्यायसूत्रांनी सोळा पदार्थांत तर्काला स्वतंत्र स्थान दिले, पण प्रमाणांत, म्हणजे खऱ्या ज्ञानाच्या साधनांत, धरले नाही. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त तर तो संशय आणि विपर्यय यांच्या पंक्तीला, अयथार्थ अनुभवात बसतो. कारण सरळ आहे: त्यात जे धरले ते खरे नसते. तरीही तो निरुपयोगी ठरत नाही. तो प्रमाणाला हात देतो, शंका दूर करतो, अनुमानाची वाट मोकळी करतो. मॉक लावलेली टेस्ट ही या अर्थाने तर्क आहे. 'पत्त्याने अमुक पिनकोड दिला असता तर खर्च तमुक आला असता' एवढे ती सांगते. पत्ता खरोखर काय देतो याविषयी ती अक्षरही बोलत नाही.

याहून सूक्ष्म असा भेद नैयायिकांनी केला आहे तो आहार्य ज्ञानाचा. दोरीला साप समजणे हा भ्रम. दोरी आहे हे पुरते ठाऊक असताना, स्वतःच्या इच्छेने, काही कामापुरते 'हा साप' असे धरणे हे आहार्य ज्ञान. दोन्हींत वस्तूवर नसलेला धर्म लादलेला असतो, पण भ्रमात उलट ज्ञान हजर नसते आणि आहार्यात ते हजर असते. पूजेच्या पाटावर तांदळाच्या राशीवर मांडलेली सुपारी गणपती म्हणून पुजणाऱ्याला ती सुपारी आहे हे ठाऊक असते. ते ठाऊक असूनच तो गणपतीचे आवाहन करतो. मॉक लिहिणाऱ्याचेही तसेच. हा डेटाबेस नाही हे जाणून तो त्याला डेटाबेस मानतो. बदली ती हीच. ज्या क्षणी उलट ज्ञान मनातून निसटते, त्या क्षणी वस्तू तीच राहते, टेस्ट तीच राहते, पण आहार्याचा भ्रम झालेला असतो आणि बदलीचा तोतया. हा बदल कोडमध्ये कुठेच दिसत नाही. तो टेस्ट वाचणाऱ्याच्या, तिच्या पास झाल्याच्या हिरव्या खुणेवर विसंबणाऱ्याच्या मनात होतो, म्हणून तो पकडायला अवघड.

एका थराचा मॉक असेल तर हे उलट ज्ञान जागे ठेवणे सोपे असते, कारण बदली आणि खरा यांच्यात अंतर एकच पाऊल असते. थर वाढले की अडचण वाढते, आणि ती फक्त संख्येने वाढत नाही, तिची जातच बदलते. वरचेच उदाहरण घेतले तर मागणीकडून ग्राहक, ग्राहकाकडून पत्ता, पत्त्याकडून पिनकोड अशी साखळी कोडने ओढली आहे. टेस्ट लिहिणारा मॉक मागणी बनवतो, ती मॉक ग्राहक देते, तो मॉक पत्ता देतो, आणि पत्ता ४११०३० हा आकडा देतो. कोड तो आकडा पुणे विभागाच्या यादीत शोधतो, सापडतो, खर्च बरोबर येतो. खऱ्या नोंदवहीत मात्र पिनकोड अक्षरमाला म्हणून साठवलेला असतो, काही ठिकाणी मध्ये जागा सोडून '४११ ०३०' असा. काही ग्राहकांचा पत्ताच नसतो. यातले काहीही टेस्टला भेटत नाही. मॉक पत्ता लिहिताना लेखकाची नजर खऱ्या पत्त्यावर नव्हती. ती मॉक ग्राहकावर होती, आणि मॉक ग्राहक लिहिताना कोडच्या त्या एका ओळीवर. कोडला जे हवे ते देण्यासाठी पहिला मॉक, पहिल्याला जे हवे ते देण्यासाठी दुसरा. प्रत्येक थर आपल्या वरच्याशी जुळतो आणि कोणताच थर बाहेरच्या जगाशी ताडून पाहिलेला नसतो. शेवटी कोड स्वतःचेच म्हणणे तीन तोंडांतून ऐकतो.

काही साधने हे आणखी सोपे करून ठेवतात. पायथॉनच्या प्रमाण ग्रंथालयात ३.३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१२ पासून, मॉकची सोय आहे. तिथल्या साध्या मॉकला कोणताही गुण मागा, तो नसला तरी जागच्या जागी नवा मॉक जन्माला घालून देतो, आणि त्या नव्याकडे आणखी काही मागितले तर आणखी एक. खोलीला अंत नाही. कल्पवृक्षाखाली बसून केलेल्या परीक्षेत नापास कोण होणार? एके काळी, तपासणीच्या मेथडचे नाव लिहिताना अक्षर चुकले तर तेही हा मॉक निमूट स्वीकारत असे, आणि तपासणी झालीच नसताना टेस्ट पास होत असे. ३.५ पासून 'असर्ट'ने सुरू होणाऱ्या अनोळखी नावांवर तो चूक दाखवू लागला. त्याच ग्रंथालयात 'ऑटोस्पेक' नावाची सोय आहे; ती मॉकला मूळ वस्तूच्या साच्यात बांधते, मूळ वस्तूत नसलेली मेथड मागू देत नाही. जावाच्या जगात मॉकिटो या साधनात अख्खी साखळी एका झटक्यात मॉक करणारे 'डीप स्टब' आहेत. पण स्वच्छ कोडला त्यांची क्वचितच गरज पडावी, अशी ताकीद त्या साधनाच्या दस्तऐवजातच कर्त्यांनी देऊन ठेवली आहे. देणाऱ्यानेच हात आखडावा असे सांगितलेली ही सोय सर्रास वापरली जाते, हे खेदाचे आहे.

त्या ताकिदीत ज्या नियमाचा हवाला आहे तो 'डिमीटरचा नियम' १९८७ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या डिमीटर प्रकल्पात मांडला गेला. आपल्या लगतच्यांशीच बोलावे, त्यांच्या पोटातल्या वस्तूंपर्यंत हात घालू नये, असा त्याचा आशय. पाठवणी-खर्चाच्या कोडला पिनकोड हवा असेल, तर त्याला पिनकोडच द्यावा. मागणी, ग्राहक, पत्ता यांची उतरंड त्याच्या डोक्यावर ठेवू नये. मग तीन मॉकांऐवजी एक साधे मूल्य पुरते, आणि साध्या मूल्याला बदलीची गरजच नसते. मॉकच्या पोटात मॉक हे बहुतेक वेळा टेस्टचे दुखणे नसते. कोडच्या रचनेतले दुखणे टेस्टमध्ये ठणकत असते.

पण प्रत्येक उतरंड मोडता येत नाही. जुना कोड असतो, दुसऱ्याने लिहिलेली ग्रंथालये असतात. तिथे बदलीला बदली द्यावीच लागते, आणि मग ती कशी द्यावी हा प्रश्न उरतो. त्यासाठी पूर्वमीमांसेकडे वळणे भाग आहे. जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रतिनिधीचा विचार आला आहे. यज्ञाला व्रीही, म्हणजे भात, सांगितला आहे आणि तो मिळत नाही. तर कर्म सोडून द्यावे की दुसरे द्रव्य घ्यावे? उत्तर असे की नित्य कर्म सोडू नये, भातासारखे जे असेल ते, उदाहरणार्थ नीवार हे रानभात, घ्यावे. 'सारखे' म्हणजे काय हेही मीमांसकांनी मोघम ठेवले नाही. नीवाराला व्रीही समजून घ्यायचे नाही. व्रीहीचे जे अंश नीवारात आहेत, त्यांच्यापुरते विधीचे पालन व्हावे म्हणून ते घ्यायचे. प्रतिनिधी किती अंशाने मूळ आहे याची जाणीव त्याच्या निवडीतच गोवलेली आहे.

याच पादात पुढे मर्यादा येतात. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही. इंद्राऐवजी दुसरी देवता, एका मंत्राऐवजी दुसरा मंत्र चालत नाही. भाताचे काम डोळ्यांना दिसते: त्याचे पीठ होते, पिठाचा पुरोडाश, म्हणजे आहुतीचा रोट, होतो, तेच काम दुसरे धान्य करू शकते हेही दिसते. मंत्राचे काम असे दिसत नाही, म्हणून दुसरा मंत्र ते करील असे म्हणायला आधार नाही. निकष स्पष्ट आहे: ज्याचे कार्य पूर्ण कळले आहे त्यालाच बदली देता येते. लंडन संप्रदायातल्याच फ्रीमन आणि नॅट प्राइस यांनी २००९ च्या ग्रंथात, जो प्रकार आपल्या मालकीचा नाही तो मॉक करू नये, असा सल्ला दिला तो याच जागेवर येऊन पोचतो. परक्याच्या ग्रंथालयाचे आतले वागणे पुरते ठाऊक नसते. त्याचा मॉक म्हणजे न कळलेल्या मंत्राच्या जागी अंदाजाने घातलेला मंत्र. आणि जी क्रिया तपासायची आहे तिलाच बदली देणे तर उघडच निरर्थक. तरी मॉक वाढत वाढत अशा टेस्ट लिहिल्या जातात, ज्यांत खऱ्या कोडची एकही ओळ चालत नाही. मॉकला सांगितलेले मॉकने परत सांगितले, एवढेच त्यांतून सिद्ध होते.

थरांच्या प्रश्नाला थेट लागू पडणारे अधिकरण, म्हणजे मीमांसेतले विचार-प्रकरण, मात्र वेगळेच आहे. प्रतिनिधी म्हणून घेतलेले द्रव्यही मध्येच नासले किंवा संपले, तर आता तिसरे द्रव्य कशासारखे शोधावे? नीवारासारखे, की व्रीहीसारखे? हाताशी होते ते नीवार, म्हणून त्याच्यासारखे शोधावे असे सहज वाटेल. सिद्धान्त उलट आहे: सादृश्य मुख्याशीच पाहावे, प्रतिनिधीशी नाही. कारण विधी व्रीहीचा आहे. नीवाराला स्वतःचा अधिकार काहीच नाही. प्रतिनिधीसारखा प्रतिनिधी घेत गेले, तर प्रत्येक पावलाला थोडे थोडे सरकत शेवटी भाताशी कसलेही नाते नसलेले काही तरी हातात येईल. वाईच्या प्राज्ञपाठशाळा मंडळाने प्रसिद्ध केलेल्या, केवलानंद सरस्वतींच्या 'मीमांसाकोशा'मुळे हे शास्त्र महाराष्ट्रात अभ्यासकांच्या हाताशी आहे. तरी सॉफ्टवेअरच्या चर्चेत त्याचे नाव कधी निघत नाही. वास्तविक मॉकच्या पोटातल्या मॉकसाठी यापेक्षा नेमका नियम सापडणे कठीण. आतला मॉक बाहेरच्या मॉकला शोभेल असा लिहू नये. खऱ्या पत्त्याची खरी नोंद समोर ठेवून लिहावा.

हा नियम मोडला तर काय होते याचा सर्वांत मोठा दाखला ४ जून १९९६ चा आहे. त्या दिवशी फ्रेंच गयानातल्या कुरू तळावरून एरियान ५ या युरोपीय रॉकेटचे पहिले उड्डाण झाले. उड्डाणक्रम सुरू झाल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी, म्हणजे जमीन सोडल्यापासून सुमारे ३० सेकंदांनी, दिशा आणि गती सांगणारी जडत्व-संदर्भ प्रणाली बंद पडली. एका ६४ बिटांच्या दशांश संख्येचे १६ बिटांच्या पूर्णांकात रूपांतर होताना संख्या मावली नाही. संख्या आडव्या वेगाशी निगडित होती, आणि नव्या रॉकेटचा आडवा वेग जुन्या एरियान ४ पेक्षा कितीतरी अधिक होता. सॉफ्टवेअर मात्र एरियान ४ वरून तसेच उचलले होते. राखीव प्रणालीत तेच सॉफ्टवेअर, म्हणून ती ७२ मिलिसेकंद आधीच त्याच कारणाने गेली होती. मुख्य संगणकाने बिघाडाची सांकेतिक खूण उड्डाणाची माहिती म्हणून वाचली, इंजिनांची नळकांडी टोकाला वळवली, आणि चार 'क्लस्टर' उपग्रहांसह रॉकेट आकाशात फुटले.

हे बहुतेकांना माहीत असते. झाक-लुई लियोन्स यांच्या अध्यक्षतेखालच्या चौकशी मंडळाने परीक्षांविषयी जे लिहिले त्याकडे लक्ष कमी जाते. रॉकेटची सगळी प्रणाली एकत्र जोडून ज्या परीक्षा घेतल्या, त्यांत खरी जडत्व-संदर्भ प्रणाली बसवलेलीच नव्हती. तिच्या जागी तिचे वागणे नकलून दाखवणारे सॉफ्टवेअर होते. हा निर्णय निष्काळजीपणे घेतलेला नव्हता; कारणे दिलेली होती. प्रणाली स्वतंत्रपणे तपासून पास झाली आहे असे मानले गेले, खरी प्रणाली जोडून हवी ती अचूकता परीक्षागृहात मिळत नव्हती, आणि बिघाडांची नक्कल तर प्रतिकृतीनेच करता येते. युनिट टेस्टमध्ये मॉक लावताना प्रोग्रामर जी कारणे देतात, तीच ही. पण 'स्वतंत्रपणे तपासून पास' याच्या आत दुसरा थर होता. त्या प्रणालीच्या आवश्यकतांत एरियान ५ च्या मार्गाची माहिती घालायची नाही असे संबंधितांनी ठरवले होते. म्हणून तिची स्वतःची परीक्षा नव्या रॉकेटच्या मार्गावर झालीच नाही. वरच्या परीक्षेत प्रणालीची बदली होती, खालच्या परीक्षेत जगाची. वरचा थर खालच्यावर विसंबला आणि खालचा जुन्या रॉकेटच्या आठवणीवर. अपघातानंतर प्रणालीचे खरे सॉफ्टवेअर आणि त्या उड्डाणाचा प्रत्यक्ष मार्ग एकत्र आणून संगणकावर चालवले, तेव्हा घटनांची साखळी जशीच्या तशी उभी राहिली. व्रीही तोपर्यंत कोणी आणलाच नव्हता.

लंडन संप्रदायाची बाजू यावर अशी मांडता येते, की मॉक हे जगाचे वर्णन नव्हेच. फ्रीमन, प्राइस आणि सहकाऱ्यांनी २००४ च्या निबंधात वस्तूंऐवजी भूमिका मॉक करा असे म्हटले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर अजून न लिहिलेली डिपेंडन्सी होती. तिने काय करावे हे मॉक सांगतो. मीमांसेच्या भाषेत तो साध्याविषयी, म्हणजे जे करायचे आहे त्याविषयी, बोलतो; सिद्धाविषयी, म्हणजे जे आधीच आहे त्याविषयी, नाही. विधी खरा किंवा खोटा नसतो, पाळला जातो किंवा मोडला जातो. हा युक्तिवाद सबळ आहे, आणि रचना शोधण्याचे साधन म्हणून मॉकचे मोल त्याने सिद्ध होते. पण तो एका मुदतीपुरता सबळ आहे. खरी डिपेंडन्सी लिहून झाली, की कालचा विधी आज वर्णन म्हणून वाचला जातो; टेस्ट तीच राहते, तिच्याकडे बोट दाखवून 'हे चालते' असे म्हटले जाते. त्या वेळी कोणी तरी खऱ्याला विधीसमोर उभे करून पाहिले पाहिजे. ज्या संघात हे दुसरे काम होत नाही, तिथे पहिल्या युक्तिवादाचा आधार घेण्याचा हक्क उरत नाही.

मग टेस्टची टेस्ट कोण घेणार? आणि तिची? ही शंका न्यायात अनवस्था या दोषाखाली येते. ज्ञानाचे प्रामाण्य त्या ज्ञानातूनच कळते असे मीमांसक मानतात: उलट पुरावा येईपर्यंत ज्ञान खरेच धरावे. प्रामाण्य बाहेरून कळते असे नैयायिक म्हणतात, आणि बाहेरच्या कसोटीला आणखी कसोटी, तिला आणखी, या अनवस्थेवर त्यांचे उत्तर सफल प्रवृत्तीचे आहे: पाणी दिसले, तिथे गेले, तहान भागली, इथे शोध थांबतो. टेस्टच्या बाबतीत बाहेरची कसोटी म्हणून म्युटेशन टेस्टिंग वापरतात. कोडमध्ये मुद्दाम लहान चुका घालून टेस्ट त्या पकडते का ते पाहणारी ही पद्धत डिमिलो, लिप्टन आणि सेवर्ड यांच्या १९७८ च्या निबंधाने प्रस्थापित केली. टेस्ट झोपलेली आहे का हे त्यातून उत्तम कळते. मात्र ही पद्धत कोड बदलते, जग बदलत नाही. मॉकमध्ये लिहिलेली चुकीची समजूत तिच्या जाळ्यात सापडत नाही. पिनकोडचा आकडा मॉकमध्ये आकडाच राहतो. तहान भागते का हे पाण्यापाशी गेल्याशिवाय कळत नाही, म्हणजे खऱ्या डेटाबेसाशी निदान एक टेस्ट बोलल्याशिवाय.

मुख्याशी सादृश्य ताडून पाहण्याची व्यवहारातली रीत म्हणजे करार-परीक्षा, जिला कॉन्ट्रॅक्ट टेस्ट म्हणतात. डिपेंडन्सीकडून काय काय अपेक्षित आहे याच्या टेस्टचा एकच संच लिहायचा आणि तो बदलीवरही चालवायचा, खऱ्यावरही. दोघे पास झाले तर त्या मुद्द्यांपुरते सादृश्य सिद्ध झाले. एकच पास झाला तर बदलीला निरोप द्यायचा किंवा तिला सुधारायचे. मेसारोस यांच्या वर्गीकरणातला फेक, म्हणजे खरोखर चालणारी पण हलकी बदली, या कसोटीला मॉकपेक्षा चांगला उतरतो, कारण त्याला स्वतःचे वागणे असते. तरी त्याच्याही अंशांचा हिशेब ठेवावा लागतो. पोस्टग्रेस या डेटाबेसाच्या जागी टेस्टमध्ये हलका एसक्यूलाइट वापरणे ही नेहमीची रीत. एसक्यूलाइट खरा डेटाबेस आहे, पण फॉरेन कीचे बंधन तो सुरुवातीला पाळत नाही, ते वेगळे चालू करावे लागते. दहा अक्षरांचा म्हणून जाहीर केलेल्या रकान्यात तो पन्नास अक्षरेही मुकाट ठेवून घेतो. नीवार आहे, व्रीही नाही. घड्याळ, यादृच्छिक संख्या, पैसे खरोखर वळते करणारी बँकेची सेवा यांना मात्र बदली देणे योग्यच आहे. घड्याळाचे काम पूर्ण कळलेले आहे, आणि मध्यरात्री वर्ष पालटताना कोड कसा वागतो हे पाहण्यासाठी ३१ डिसेंबरपर्यंत थांबता येत नाही.

प्रतिनिधीच्या त्याच पादात आणखी एक सूत्र आहे: मुख्य द्रव्य मिळाले, की साधारणपणे मुख्यच घ्यावे, कारण प्रतिनिधी आला होता तो मुख्याच्या अभावी. मॉक रूढ झाले तेव्हा टेस्टसाठी खरा डेटाबेस उभा करणे म्हणजे वेगळे यंत्र, वेगळी परवानगी आणि बराच वेळ. आज कंटेनरच्या साह्याने खरा पोस्टग्रेस प्रोग्रामरच्या यंत्रावर काही सेकंदांत उभा राहतो आणि टेस्ट संपली की पुसला जातो. अभाव संपला आहे, पण जुने मॉक जागचे हललेले नाहीत. मधल्या काळात पत्त्याच्या रकान्यांची नावे बदललेली असतात, सेवेची नवी आवृत्ती आलेली असते, मॉक मात्र लिहिला त्या दिवसाचे उत्तर देत राहतो. अशा प्रत्येक मॉकपाशी थांबून विचारायचे ते एवढेच: हा कोणाच्या अभावी आला होता, आणि तो अभाव अजून आहे का?